घडीतलं गाव

९ जानेवारी

शहाणे,

फोन करत नाही, पत्रच लिहिते. फोनवर मी चार वाक्यं बोलले की तू "बरं" म्हणतेस, आणि तुझं ते "बरं" म्हणजे दाराला आतून कडी. पत्राला कडी घालता येत नाही. फार तर फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. लहानपणी तू गोळ्यांचे कागदसुद्धा सपाट करून वहीत ठेवायचीस.

चिंगीचं चित्र मिळालं. पाकिटावरचा पत्ता तिने स्वतः लिहिलाय. तो वाचून पोस्टमन दारातच हसत उभा राहिला. चित्रात मोठा निळा चेंडू आहे. चेंडूच्या माथ्यावर चिंगी, तू, जावई आणि एक कुत्रा, सगळ्यांचे दात दिसतायत. (कुत्रा कधी आणलात? मला कोणी सांगितलं नाही.) आणि चेंडूच्या बुडाला मी. उलटी, वटवाघळासारखी लोंबकळतेय. चष्मा पडू नये म्हणून एका हाताने धरलाय. त्याखाली प्रश्न: "आजी, तुझं सगळं रक्त डोक्यात जातं का?"

गेलं हो डोक्यात, पण ते चित्र बघून!

अगं, उभी हयात मी पृथ्वीचे गोल चिकटवण्यात घालवली. शाळाशाळांतून, कचेऱ्यांतून, डॉक्टरांच्या टेबलांवर माझ्या हातचे गोल आहेत, आणि माझ्याच नातीला एवढं कोणी सांगू नये? उत्तर वर, दक्षिण खाली. मी उत्तरेत, तुम्ही दक्षिणेत. खाली तुम्ही आहात, मी नव्हे. तू तिथे गेलीस ती आपल्या मर्जीने. मी काही लोंबकळायला गेले नव्हते.

आता विषय निघालाच आहे तर लिहिते. चिंगी रांगत होती तेव्हा तू येऊन गेलीस आणि जाताना दारात म्हणालीस, "आता आम्ही येणार नाही. आता तू यायचंस." तेव्हापासून तू तुझ्या हट्टावर आणि मी माझ्या. मी किती वेळा सांगितलं, कारखान्यातून सुट्टी मिळत नाही. आणि घर इथे आहे. माणूस घरी येतं, घर उठून माणसाकडे जात नाही.

चिंगीसाठी एक गोल पाठवते. मग तिला कळेल कोण कुठे आहे ते.

जावयांना विचारलंय म्हणून सांग. कुत्र्यालाही.

तुझी आई


१७ फेब्रुवारी

शहाणे,

तुझं उत्तर आलं. बिल भरल्यासारखं लिहिलंयस, ना मायना, ना शेवट. ते इथे पुन्हा उतरवते, म्हणजे काय लिहिलंस ते तुलाही दिसेल:

"वर म्हणजे डोक्याकडे आणि खाली म्हणजे पायाकडे, एवढंच. पृथ्वी सगळ्यांनाच आपल्या पोटाकडे ओढते. तुझे पाय आणि माझे पाय एकमेकींकडे आहेत, डोकी बाहेर. यात खाली कोण? आणि तुमच्या कारखान्यातला गोल पाठवू नकोस. त्यावर आमचं गाव कधीच नसतं."

पायांचं वाचून एक आठवलं. तू एवढीशी होतीस तेव्हा पलंगाच्या त्या टोकाला आडवी व्हायचीस, मी या टोकाला, आणि माझ्या तळव्यांना तळवे लावून रेटायचीस. मी मुद्दाम हरायचे. तू तेच डोक्यात ठेवून लिहिलंस की नुसता भूगोल सांगितलास, कोण जाणे.

पण शेवटचं वाक्य मला झोंबलं. कधीच नसतं म्हणजे काय? आम्ही काय डोळे मिटून काम करतो? पडलो तरी नाक वर हा माझा स्वभाव तुला माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी चष्मा पुसून मी तयार मालाच्या खोलीत गेले आणि फळीवरचा एकेक गोल उलटा करून बघत बसले. एकावर तुमच्या गावाच्या नावाचं शेपूट तेवढं दिसत होतं, बाकीचं घडीत. दुसऱ्यावर गावाच्या जागी कागदावर कागद चढलेला. तिसऱ्यावर तर नुसता समुद्र. आणि तो समुद्र माझ्या हातचा. माझ्या कुंचल्याची ओढ मी ओळखते.

हे का होतं ते सांगते. गोलावरचा नकाशा अखंड नसतो. छापखान्यातून लांबट पाकळ्या कापून येतात, सोललेल्या संत्र्याच्या सालींसारख्या. त्यांना खळ लावायची आणि पांढऱ्या गोळ्यावर एकीला एक लावून चिकटवत जायचं. पण ओला कागद ताणला जातो. कितीही जपून दाबा, केसभर तरी वाढतोच. ते वाढलेलं कुठेतरी घालवावं लागतं. आम्ही उत्तर टोकाला पाकळी टेकवतो आणि अंगठ्याने दाबत खाली येतो, म्हणजे सगळी वाढ, सगळ्या सुरकुत्या आपोआप बुडाकडे जातात. बुडाला एक गोल कागदी टिकली मारायची. टिकलीतूनही उरलेल्या घड्या दिसल्या, तर त्यांवर निळा रंग फिरवायचा. किनाऱ्यावरची गावं त्यात कधीमधी बुडतात. तुमचं जरा जास्तच वेळा बुडालं असावं.

मी या टेबलावर नवीन आले तेव्हा शिकवणाऱ्या बाईंना विचारलं होतं की वरूनच का. त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक उभ्याने बघतं. बूड कोण वाकून बघतंय?" मला ते पटलं होतं. तेव्हा तू माझ्या पदराला धरून चालायचीस. तू वाकून बघणारं गिऱ्हाईक निघशील हे मला काय ठाऊक!

मग मी मालकीणबाईंकडे गेले. म्हटलं, "बाई, उत्तर वर हे ठरवलं कोणी?"

त्या हिशेब करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ज्यांनी नकाशे छापले ते तिथे राहत होते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. फार पूर्वी कुठे दक्षिण वर धरायचे, कुठे पूर्व. पृथ्वीवर काही 'ही बाजू वर' अशी चिठ्ठी नसते, खोक्यावर असते तशी."

मालकीणबाई एवढ्या सहज बोलल्या की मला रागच आला. मी कातारीकाकांकडे गेले. आठवतात ना? स्टँडची लाकडं कातणारे, तू त्यांच्याकडे भुस्सा मागायला जायचीस. त्यांना म्हटलं, निदान तुम्ही तरी सांगा, खाली असतं की नाही?

"असतं तर," ते म्हणाले. "मी पाडतो ना भोक. जिथे स्टँडचा खिळा जातो ते खाली." मग त्यांनी कागद न लावलेला एक पांढरा गोळा उचलला आणि टेबलावरून माझ्याकडे घरंगळवला. "आता सांगा, याचं डोकं कुठलं?"

मी तो गोळा हातात घेऊन बराच वेळ बसले. दुपारी हल्ली तसंही काम नसतं, प्लास्टिकचे छापील गोल आल्यापासून टेबलं रिकामीच असतात. कितीही फिरवला तरी सगळीकडून सारखाच. नुसता हातात जड लागतो.

तुझं म्हणणं मला पटलं असं समजू नकोस. विचार करतेय.

आई


२६ मार्च

शहाणे,

सोबत खोकं आहे. उघडताना सुरी खोल घालू नकोस.

हा गोल मी दक्षिणेकडून सुरू केला. पहिली पाकळी तुमच्या टोकाला टेकवली आणि तिथून दाबत निघाले. हात ऐकेनात. इतक्या वर्षांची सवय, अंगठा आपला उलट दिशेला पळतोय. दोन पाकळ्या वाया गेल्या, मालकीणबाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं. पण तुमचं गाव बघ. एक सुरकुती नाही. नाव पूर्ण, बंदराचा ठिपकासुद्धा. कातारीकाकांनी स्टँडही उलटं बसवलंय, तुम्ही माथ्यावर. चिंगीला सांग, तिच्या चित्रासारखंच केलंय. आजीने हार मानलेली नाही, गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे माल दिलाय.

दुसऱ्या टोकाला मला जरा नीट जमलं नाही. तिकडे फारसं बघू नका.

आता तुझ्या प्रश्नाबद्दल. "दुपारी काम नसतं तर सुट्टी का मिळत नाही?" असं विचारलंयस. वकीलच व्हायला हवं होतंस तू. काम नसलं तरी माणूस जागेवर लागतं. शिवाय माझा गुडघा. शिवाय शेजारच्या बाई गावाला जातात तेव्हा किल्ली माझ्याकडे असते, त्यांच्या कुंड्यांना पाणी कोण घालणार? शिवाय विमानात इतका वेळ बसायचं, आणि खिडकीतून खाली बघायचं म्हणजे...

बघ, पुन्हा खाली आलंच. विमानातून ते खालीच असतं ना? की त्याचंही तुझ्याकडे उत्तर आहे?

चंद्राचं लिहिलंस ते मात्र मला माहीत नव्हतं. तुमच्याकडे चंद्रावरचे डाग उलटे दिसतात! मी काल गच्चीत जाऊन मान वाकडी करकरून बघितलं, तुला कसा दिसत असेल ते कळावं म्हणून. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी विचारलं, मान अवघडली का? हो म्हटलं.

आई


२० मे

माझ्या शहाण्या बाळा,

तुझं पत्र वाचून मी कारखान्यात गेले नाही. काल नाही, आजही नाही.

तू लिहिलंस की गोल बघून चिंगीने आधी आपलं गाव शोधलं, त्याला बोट लावलं आणि नाचली. मग म्हणाली, "आता आजीचं." तू गोल फिरवलास, खाली वाकून दोघींनी शोधलं आणि तिथे घडी होती. तू तिला म्हणालीस, आजी या घडीत आहे. तू सहज म्हणालीस हे मला कळतं. संध्याकाळी ती तुला टेबलाखाली बसलेली सापडली, मांडीवर गोल घेऊन, नखाने घडी उकलत. कागद फाटला, खालचा पांढरा गोळा दिसायला लागला आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. म्हणाली, "मी आजीला बाहेर काढत होते."

अगं, किती गं गुणाची पोर. आणि मी तुम्हाला लिहिलं होतं, तिकडे फारसं बघू नका.

मला माहीत होतं गं. शेवटची पाकळी दाबताना मला दिसत होतं की माझं गाव सुरकुतीत चाललंय. हा कारखाना, ही गल्ली, आपली गच्ची, सगळं त्या दोन बोटांच्या जागेत चिमटलं गेलं. मला इतकं वाईट वाटलं की मी टिकली मारून मोकळी झाले. छापलेला कागद तो, त्याचं काय वाईट वाटायचं? पण वाटलं. तेव्हा प्रथम मनात आलं की तू प्रत्येक दुकानात, प्रत्येक शाळेत गोल दिसला की वाकून बघत असशील आणि दर वेळी तुझं गाव नसेल.

आता सुट्टीचं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? सुट्टी कधीच मागितली नाही. मागितली असती तर मालकीणबाईंनी बॅगसुद्धा भरून दिली असती.

मला भीती वाटते. विमानाची नाही, गुडघ्याची नाही. इथे मी अंधारात उठले तरी हात बरोबर दिव्याच्या बटणावर जातो. कुठला नळ गळतो, कुठलं दार उचलून ढकलावं लागतं, हे मला विचारावं लागत नाही, लोक मला विचारतात. तुझ्या घरी पिण्याचं पाणी कुठलं इथपासून तुला विचारावं लागेल. जिला मी फ्रॉकची बटणं लावायला शिकवलं, तिला. तू हसून सांगशील. जावई माझ्यासाठी हळू बोलतील. आणि मी सोफ्याच्या कडेवर बसेन, पाहुण्यासारखी, पिशवी मांडीवर धरून. मला तुझ्यासमोर तशी बसायचं नव्हतं. मी आई आहे ना तुझी. मला वर राहायचं होतं, दुसरं काय.

हे लिहिलं आणि मग मला आठवलं, गेल्या वेळी तू आलीस तेव्हा तू कुठे बसायचीस? खुर्चीच्या कडेवर. तुझ्या खोलीत मी शिवणाचं मशीन आणून ठेवलं होतं, तुझ्या कपाटात चादरी. "आई, टॉवेल कुठे असतात हल्ली?" असं तू विचारायचीस आणि मी स्वयंपाकघरातून ओरडून सांगायचे, "तुला घरातलं काही माहीतच नसतं!" मला वाटायचं तू घरी आलीयस. तू तर पाहुणी होतीस गं, आणि मी एकदाही हळू बोलले नाही.

चिंगीला म्हणावं रडू नकोस. आजी बाहेर आहे, धडधाकट आहे. फाटलेला गोल टाकू नका.

आई


२ जुलै

शहाणे,

तुझं पत्र मिळालं. या वेळी मायना होता. "आई" एवढाच, पण मी तो पुष्कळदा वाचला.

आता कामाचं ऐक. चिंगीसाठी दुसरा गोल झाला.

वरून सुरू केलं तर तू घडीत जातेस, खालून केलं तर मी. हा कागद वाढायचा थोडाच थांबणार आहे? कितीतरी दिवस मी टेबलाशी नुसती बसून होते. मालकीणबाई म्हणाल्या, "बाई, एवढ्या वेळात तुमच्या हातून दहा गोल व्हायचे." म्हटलं, होत होते आणि प्रत्येकात कोणीतरी बुडत होतं. मग एक दिवस पाकळी हातात धरली आणि तिचं पोट, जिथे ती सगळ्यात रुंद असते तिथेच, आधी गोळ्याच्या कमरेला टेकवलं. तिथून थोडं तुमच्याकडे दाबलं, थोडं आमच्याकडे. पुन्हा तुमच्याकडे, पुन्हा आमच्याकडे. दुसरीकडच्या कारखान्यांत असंच करतात म्हणे, कातारीकाकांना माहीत होतं. मी म्हटलं, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत? तर म्हणाले, "तुम्ही कधी कोणाचं ऐकून घेता का?"

सुरकुत्या गेल्या नाहीत. निम्म्या तुमच्या टोकाच्या बर्फात गेल्या, निम्म्या आमच्या टोकाच्या. तिथे कोणाचं घर नाही. तुमचं गाव जरा तिरकं दिसतं, माझंही जरा तिरकं दिसतं. पण दोन्ही नावं पूर्ण वाचता येतात. निळा कुंचला मी हातात घेतला नाही.

याला स्टँड नाही. कातारीकाकांना भोक पाडू दिलं नाही. त्यांनी लाकडाची एक चुंबळ कातून दिलीय, माठाखाली ठेवतात तशी. तिच्यावर गोल कसाही ठेवा, बसतो. चिंगीने सकाळी स्वतःला वर ठेवावं, संध्याकाळी मला. किंवा कुत्र्याला जे हवं ते.

हा टपालाने पाठवत नाही. टपालात चेपेल. मांडीवर घेऊन येणार आहे.

हो, येणार आहे. काल तिकीट काढलं, तारीख चिठ्ठीवर वेगळी लिहून पाकिटात घातलीय. मालकीणबाईंना सुट्टी मागितली तर म्हणाल्या, "अखेर!" इकडे जीव नकोसा करणारा उकाडा आहे आणि मी दुकानात जाऊन लोकरीचा कोट मागितला. दुकानदाराला वाटलं म्हातारीला ऊन लागलं. त्याला म्हटलं, मी जिथे चाललेय तिथे आत्ता हिवाळा आहे. त्याने विचारलं, "खाली जाताय होय?"

मी म्हटलं, "नाही. लेकीकडे."

शेजारच्या बाईंकडे आता माझी किल्ली आहे. तुझ्या खोलीतलं शिवणाचं मशीन उचलून बाहेर ठेवलंय. कपाटही रिकामं केलंय. तू कधी येशील हे विचारत नाही, नुसतं सांगून ठेवते.

तुम्ही तिघं घ्यायला याल तेव्हा मी गोंधळलेली असेन. गोल दोन्ही हातांनी धरलेला असेल, त्यामुळे मला मिठी मारता येणार नाही. तुलाच मारावी लागेल. आणि घरी गेल्यावर चिंगीला पलंगाच्या एका टोकाला आडवी व्हायला सांग. मी दुसऱ्या टोकाला होईन. तळव्याला तळवा लावून बघायचाय, मध्ये पृथ्वी नसताना कसा लागतो ते. तूही ये. पलंग लहान असेल तर जमिनीवर.

या खेपेला मी मुद्दाम हरणार नाही.

तुझी
आई

ता. क. दिव्याची बटणं कुठे आहेत ते पत्रात लिहू नकोस. आल्यावर तुला विचारीन.